कॅन्सरच्या पेशींवर वनस्पतींचे अर्क तपासायला लावणाऱ्या सगळ्या गाईड मंडळींना खुलं पत्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

हे पत्र कुणा एका व्यक्तीला नाहीये. बॉटनी, बायोकेमिस्ट्री, बायोटेक, फार्मसी, जिथे जिथे नवीन विद्यार्थ्याला "एक औषधी वनस्पती निवड, अर्क काढ आणि कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघ" असा विषय मिळतो तिथल्या सगळ्या गाईडना आहे. मी सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवण्याचं काम, सांभाळते. दुसऱ्या डिपार्टमेंटची मुलं आपापले अर्क घेऊन आमच्याकडे येतात, काचेच्या छोट्या बाटलीच्या तळाशी काळपट हिरवा चिकट गोळा, बाहेरून मार्करने सॉल्व्हंटचं नाव आणि तारीख, आणि पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम आयसी५० (म्हणजे पेशी निम्म्यावर आणणारी अर्काची मात्रा) कधीपर्यंत मिळेल. मुलं मेहनती असतात, पानं निवडून धुवून सावलीत वाळवलेली असतात, अर्क काढायच्या सॉक्सलेट उपकरणापाशी तासन्‌तास बसलेली असतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बोलायचंय ते तुमच्याशी, कारण विषय तुम्ही देता आणि शेवटी सही तुमची असते.

मागणी आधीच सांगून टाकते. थिसिसवर सही करायच्या आधी तो आयसी५० चा आकडा खरंच पेशी मेल्यामुळे आलाय का, आणि अर्कातल्या कशामुळे आलाय, याचा पुरावा मागा. आणि ज्या मुलाने सगळं नीट तपासलं पण अर्कात काहीच सापडलं नाही त्यालाही तेवढ्याच मानाने डिग्री द्या. दोन्ही एकत्र हवंय. एक धरलं आणि दुसरं सोडलं तर काही बदलणार नाही, का ते खाली येईलच.

वनस्पतींमधून कॅन्सरचं औषध शोधण्याच्या मी विरोधात आहे असं कृपया समजू नका. उलट आज वॉर्डात रोज सलाईनमधून जाणारी कितीतरी औषधं झाडांतूनच आलीत. सदाफुलीचंच घ्या. डायबेटिसवर तिच्या पानांचा काढा घेतात असं कळल्यावर कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तो उंदरांवर तपासला, साखर काही कमी झाली नाही, पण अर्क इंजेक्शनने दिल्यावर उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड घसरल्या, आणि त्या माणसांनी "साखर उतरली नाही, विषय बंद" असं न करता पांढऱ्या पेशी का घसरल्या याचा पिच्छा पुरवला. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगासमोर आलं, मग व्हिनक्रिस्टिन, जे लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही देतात. पिच्छा पुरवला म्हणून औषध मिळालं, नुसता आकडा छापून थांबले असते तर सदाफुली कुंडीतच राहिली असती.

टॅक्सॉल या कॅन्सरवरच्या औषधाचंही तसंच. १९६२ मध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली, १९६४ मध्ये तिचा अर्क पेशींवर चालतो असं दिसलं. आपल्याकडची किती कामं नेमकी याच जागी संपतात ते आठवा. तिथे मात्र मन्‍रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तो अर्क फोडायला घेतला, एक भाग, त्याचे भाग, त्याचेही भाग, दरवेळी तपासायचं की मारण्याची ताकद कुठल्या भागासोबत गेली, आणि तिच्या मागोमाग पुढे जायचं. रेणूची रचना छापायला १९७१ साल उजाडलं. सुझन हॉर्विट्झ यांनी तो पेशीतल्या मायक्रोट्यूब्युल्स नावाच्या बारीक नळ्यांना घट्ट करून विभाजनच अडवतो हे दाखवलं १९७९ मध्ये. रुग्णांना द्यायची परवानगी १९९२ ला. ३० वर्षं! आणि ज्यातून हे निघालं तो अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा कार्यक्रम १९६० ते १९८२ चालला, एक लाखाच्या वर अर्क तपासले गेले, त्यातून औषध म्हणून उभे राहिलेले रेणू बोटांवर मोजण्याइतके. हे प्रमाण विद्यार्थ्याला विषय देताना पहिल्याच दिवशी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. एक लाखात इतके कमी निघत असतील तर आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक थिसिसमधली वनस्पती "आशादायक" कशी काय निघते, हा प्रश्न व्हायव्हात कुणी विचारताना मी तरी ऐकला नाहीये.

आता त्या आकड्याकडे येते.

बहुतेक जण एमटीटी करतात, म्हणजे रंगावरून जिवंत पेशी मोजायची टेस्ट. १९८३ मध्ये टिम मॉसमन यांनी ही पद्धत दिली, सोपी आहे, स्वस्त आहे, ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये एका दमात खूप मात्रा तपासता येतात म्हणून जगभर चालते. पिवळं एमटीटी टाकायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं फॉर्मॅझान करतात, डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, रंग कमी म्हणजे पेशी कमी. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. घोडं अडतं ते पुढे, कारण एमटीटीला पेशी ओळखता येत नाहीत. त्याला इलेक्ट्रॉन देणारं कुणीही भेटलं की ते जांभळं होतं, आणि वनस्पतींच्या अर्कात इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेली पॉलिफेनॉल्स, फ्लॅव्होनॉइड्स ठासून भरलेली असतात. तुम्हीच तर आधीच्या चॅप्टरमध्ये डीपीपीएच टेस्ट करून अर्क किती जबरदस्त अँटिऑक्सिडंट आहे ते अभिमानाने दाखवलेलं असतं. तोच गुण पुढच्या चॅप्टरमध्ये एमटीटीत ढवळाढवळ करणार हे दोन्ही चॅप्टर एकाच माणसाने तपासूनही लक्षात येऊ नये, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

हे बघायला फार काही लागत नाही. प्लेटच्या एका रांगेत पेशी टाकायच्याच नाहीत, फक्त मीडियम म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, अर्क आणि एमटीटी. मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे करायला लावते आणि दुसऱ्या दिवशी प्लेट बाहेर काढून त्याच्याच हातात देते. पेशींचं नावही नसलेल्या वेलमध्ये जांभळा रंग, अर्काची मात्रा जशी वाढते तसा गडद होत गेलेला, कडेने छान उतरती रांग. मुलं गप्प होतात, मग एकदम दहा प्रश्न विचारतात, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं. ह्या रंगामुळे उलटंही होतं बरं का, म्हणजे पेशी मेलेल्या असतात पण अर्काच्या स्वतःच्या जांभळ्यामुळे त्या जिवंत दिसतात आणि चांगला अर्क हातचा जातो. म्हणून एमटीटी टाकायच्या आधी अर्काचं मीडियम काढून पेशी धुवायच्या, आणि जोडीला वेगळ्या तत्त्वावर चालणारी दुसरी टेस्ट करायची, एसआरबी करा जी प्रोटीन मोजते, नाहीतर सरळ मेलेल्या पेशींना रंगवणारं ट्रायपॅन ब्लू टाकून पेशी मोजा. आणि मायक्रोस्कोपमधून बघा हो! रीडरचा आकडा एक्सेलमध्ये टाकायच्या आधी पेशी गोल होऊन सुटल्यात का, फुटल्यात का, की नुसत्या वाढायच्या थांबल्यात, हे डोळ्यांनी बघायला फार वेळ लागत नाही आणि कित्येक थिसिसमध्ये तो एक फोटोसुद्धा नसतो.

समजा रंगाचा गोंधळ निस्तरला, पेशी खरंच मेल्या. तरी प्रश्न राहतोच की कशाने मेल्या. बरीचशी पॉलिफेनॉल्स कल्चर मीडियममध्ये टाकली की हवेतल्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन होऊन आपोआप हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पेशी असोत नसोत. म्हणजे तुमच्या प्लेटमध्ये पेशींना मारतंय ते पेरॉक्साइड, आणि श्रेय जातंय वनस्पतीला. शरीरात रक्तातल्या लाल पेशींमध्ये पेरॉक्साइड फोडणारं कॅटॅलेज हे एन्झाइम भरपूर असतं, तिथे हे पेरॉक्साइड टिकणारच नाही, त्यामुळे हा परिणाम प्लेटबाहेर येतच नाही. तपासायचं कसं, तर एका रांगेत अर्कासोबत कॅटॅलेज टाकायचं. मारण्याची ताकद गायब झाली तर समजायचं काय ते. तसंच सॅपोनिन. ते साबणासारखं काम करतं, पेशीचं आवरण फोडतं, ती पेशी कॅन्सरची आहे की साधी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लाल रक्तपेशींवर अर्क टाकून त्या फुटतात का बघणं हे तर अगदी ग्रॅज्युएशनच्या प्रॅक्टिकलला होईल एवढं सोपं काम. टॅनिन प्रोटीनला चिकटून त्यांचा साका करतात, तेही आधी काढून टाकता येतात. ह्यातलं काहीच नवीन संशोधन नाहीये, सगळं कधीपासून छापून आलेलं आहे.

निरोगी पेशींचा मुद्दा तुम्हाला माहीत नसणार असं नाही, तरी लिहिते कारण अर्ध्याहून जास्त वेळा माझ्यासमोर येणाऱ्या प्लॅनमध्ये त्या नसतातच. नुसती एमसीएफ-७ ही स्तनाच्या कॅन्सरची सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी) किंवा नुसती हेला, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची. कॅन्सरची पेशी मेली यात बातमी काहीच नाही, जास्त मात्रेत मीठही तिला मारेल, डीएमएसओ एक-दोन टक्क्यांच्या वर गेलं तर तेही मारतं. बातमी तेव्हा होते जेव्हा त्याच मात्रेला साध्या पेशी तग धरतात. आणि ज्या पेशी वापरता त्या खरंच त्याच आहेत का हेही एकदा तपासून घ्या. टॅक्सॉलच्या काळात ज्या केबी पेशींवर सगळे अर्क तपासले जायचे, त्या तोंडाच्या कॅन्सरच्या म्हणून ओळखल्या जायच्या, प्रत्यक्षात निघाल्या हेला. एमडीए-एमबी-४३५ कितीतरी वर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरल्या, त्या निघाल्या मेलॅनोमाच्या, त्वचेच्या कॅन्सरच्या. पेशींची डीएनएवरून ओळख पटवणारं एसटीआर प्रोफाइल करून घेता येतं. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचंही तसंच, मीडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, आणि रीडिंग मात्र बिघडवतं. शेजारच्या लॅबमधून मैत्रीखात्यात आणलेला फ्लास्क थेट थिसिसमध्ये जाऊ नये एवढंच.

आता मात्रेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. "आयसी५० १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली आला, म्हणजे चांगली अ‍ॅक्टिव्हिटी" असं वाक्य मी इतक्यांदा वाचलंय. हिशोब करून बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही पातळी नुसत्या रक्तात आणायला ५०० मिलिग्रॅम अर्क एकाच वेळी, पूर्णच्या पूर्ण, रक्तात असायला हवा. रक्तातून ते बाकी अंगात पसरतं, शरीरातलं सगळं पाणी ४० लिटरच्या आसपास धरलं तर झाले ४ ग्रॅम. आतड्यातून शोषलं जाताना गळती, लिव्हरमधून जाताना आणखी गळती, आणि प्लेटमध्ये पेशी ४८ तास त्या अर्कात बुडून असतात तशी ती पातळी ४८ तास टिकवायची. कशी टिकवणार? हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे, दिवसाला ८ ग्रॅम देऊनही रक्तात सापडतं ते नॅनोग्रॅमच्या हिशोबात. त्यावर १२० च्या वर क्लिनिकल ट्रायल्स झाल्या आणि २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या नावाजलेल्या जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात स्पष्ट लिहिलं गेलं की डबल-ब्लाइंड, प्लासिबो ठेवून केलेली एकही ट्रायल यशस्वी ठरलेली नाही. प्लेटमध्ये मात्र कर्क्युमिन जवळजवळ प्रत्येक पेशी मारतं.

पण हाच १०० चा आकडा दुसऱ्या बाजूनेही बघा, मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि कुणी बोलत नाही. समजा त्या अर्कात एक खरंच जबरदस्त रेणू आहे पण तो आहे फक्त ०.०१ टक्के. मग १०० मायक्रोग्रॅममध्ये तो भरला १० नॅनोग्रॅम. पॅक्लिटॅक्सेल म्हणजेच टॅक्सॉल पेशींना मारतं ते साधारण ह्याच रेंजमध्ये, काही नॅनोग्रॅम प्रति मिलीला! यूच्या सालीतून मिळणारं टॅक्सॉल टक्क्याच्या शंभराव्या भागाच्याही खाली होतं, वॉल आणि वाणी यांच्या हाती १२ किलो वाळलेल्या सालीतून अर्धा ग्रॅम आलं. म्हणजे १०० आयसी५० असलेला अर्क निव्वळ कचरा असू शकतो किंवा त्यात खजिना असू शकतो, आणि त्या आकड्यावरून दोन्हीतलं काय हे कुणालाच सांगता येणार नाही. सांगता येतं फक्त अर्क फोडून. फोडत गेल्यावर ताकद एका भागात एकवटत गेली, आयसी५० खाली खाली येत गेला, तर पुढे जायचं. सगळ्या भागांत थोडी थोडी पसरून विरून गेली तर तिथे काही नव्हतं असं लिहायचं आणि नवीन झाड घ्यायचं. कच्च्या अर्कासाठी २० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या निकषांवरून आलेली रेघ सगळीकडे वापरतात, ती ठीक आहे चाळणी म्हणून, पण चाळणीतून पडलेलं पीठ म्हणजे भाकरी नव्हे, आणि तुम्ही थिसिस तिथेच संपवायला परवानगी देता.

झाडाबद्दल थोडंसंच लिहिते. कुणी ओळखलं, कुठून तोडलं, कुठल्या महिन्यात, पान की साल की मूळ, आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुना ठेवलाय का. दुकानातून आणलेल्या पावडरवर केलेलं काम पुन्हा कुणालाच करता येत नाही. ओळख चुकली तर काय होतं हे बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसलं, वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये स्टेफॅनिया या वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया गेलं, शंभराच्या वर महिलांच्या किडन्या खराब झाल्या आणि त्यातल्या अनेकींना नंतर मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. वनस्पतीतल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडनेच झाला. आणि झाड सापडलं की त्याचं काय होतं तेही विद्यार्थ्याला शिकवा, सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हा कॅन्सरच्या औषधांसाठी लागणारा रेणू आहे हे कळल्यावर त्या झाडाची जी बेसुमार तोड झाली ती आपल्या शास्त्राच्याच मागोमाग झाली. टॅक्सॉलच्या बाबतीत निदान नंतर युरोपियन यूच्या पानांतून, जी पुन्हा फुटतात, कच्चा रेणू काढून त्याचं टॅक्सॉल करायची वाट सापडली, नाहीतर साल काढली की झाड मरायचं.

हे सगळं लॅबमधलं झालं. मला पत्र लिहावंसं वाटलं ते मात्र लॅबच्या बाहेर जे होतं त्यामुळे. पेपर छापून येतो, डिपार्टमेंट प्रेस नोट काढतं, फोटोत गाईड, विद्यार्थी आणि हातात फांदी, दुसऱ्या दिवशी मथळा "अमुक वनस्पतीने कॅन्सरवर मात". आमच्याकडे अशा बातमीनंतर फोन येतात. एकदा एका मुलाचा आला, आईची केमो सुरू होती, चार सायकल उरल्या होत्या, आईला उलट्या सहन होत नव्हत्या, आणि त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की बातमीतल्या पानांचा रस चालू केला तर केमो थांबवता येईल का. पेपर आमच्या लॅबचा नव्हताही. त्यात केलेलं काम म्हणजे एक सेल लाइन, एक एमटीटी, निरोगी पेशी नाहीत. मी त्याला डॉक्टरांशी बोल, उलट्यांवर चांगली औषधं आहेत, केमो थांबवू नकोस एवढं सांगितलं, त्याने ऐकलं की नाही मला कळायला मार्ग नाही.

ही भीती उगाच नाहीये. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात, बरे होण्यासारखे कॅन्सर असूनही नेहमीची ट्रीटमेंट नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना केली तेव्हा त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटीच्याही वर. जर्दाळूच्या बियांतून येणाऱ्या अ‍ॅमिग्डॅलिनचा, म्हणजे लेट्राइलचा, केवढा गाजावाजा झाला होता, शेवटी १९८२ मध्ये १७८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापला, फायदा नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड विषारी पातळीच्या जवळ. आणि केमो चालू ठेवून "सोबत" घेतलं तरी चालतं असंही नाही. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती इरिनोटेकान या केमोच्या औषधासोबत घेतली तर औषधाच्या सक्रिय रूपाची पातळी ४२ टक्क्यांनी खाली येते हे २००२ मध्येच दिसलंय, म्हणजे रुग्ण केमो घेत राहतो आणि औषध मात्र जवळजवळ अर्धंच पोचतं. ग्रीन टीमधलं ईजीसीजी बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधाला चिकटून त्याला निकामी करतं. यातलं एक इरिनोटेकान तर स्वतःच झाडातून आलेलं, कॅम्प्टोथेसिनचं नातलग.

तुम्ही म्हणाल प्रेस नोट पीआरवाले लिहितात, मथळा पत्रकार देतो. खरंय. पण प्रेस नोटमधलं वाक्य पेपरच्या शेवटच्या परिच्छेदातून उचललेलं असतं, आणि तो परिच्छेद तुम्ही तपासलेला असतो. तिथे "हे प्रयोग फक्त प्लेटमधल्या पेशींवर झालेत, ह्या वनस्पतीचा रस किंवा काढा घेऊन कॅन्सर बरा होतो असं यातून कुठेही सिद्ध होत नाही, चालू उपचार थांबवू नका" हे सरळ लिहून टाका. पत्रकाराला फोनवरही तेच सांगा. फोटो काढायचाच असेल तर काढा.

आणि आता दुसऱ्या मागणीकडे, जी मला वाटतं पहिलीपेक्षा अवघड आहे. मुलं कंट्रोल, म्हणजे पडताळणीसाठी सोबत लावायच्या रांगा, टाळतात ते आळशी आहेत म्हणून टाळत नाहीत. कंट्रोल लावला आणि अ‍ॅक्टिव्हिटी गायब झाली तर पेपर जातो, पेपर गेला तर सबमिशन लांबतं, फेलोशिपचं वर्ष संपतं, घरचे विचारायला लागतात अजून किती वर्षं. माझ्यासमोर एका मुलीने कॅटॅलेजचा रिझल्ट बघितला आणि पहिलं वाक्य काय बोलली, मॅडम हे सरांना दाखवू नका. घाबरून बोलली बिचारी. तिने उत्तम काम केलं होतं, तिच्या डिपार्टमेंटमध्ये आधी कुणीच न केलेलं, आणि तिला ते लपवावंसं वाटत होतं. ही भीती तिने घरून आणलेली नाही सर, ती आपल्या सिस्टिममधून तिच्यापर्यंत पोचलीये. "ह्या वनस्पतीच्या मिथेनॉल अर्काने पेशी मरतात असं दिसलं, पण ते पेरॉक्साइडमुळे होतं, कॅटॅलेज घातल्यावर परिणाम उरला नाही, निरोगी पेशीही तेवढ्याच मेल्या" हा पूर्ण थिसिस आहे. ह्याच्यामुळे पुढची दहा मुलं त्याच झाडावर तीच वर्षं घालवणार नाहीत. आज ती घालवतात, कारण आधीच्या कुणी "काही सापडलं नाही" असं छापलेलंच नसतं, तीच झाडं, तेच सॉल्व्हंट, त्याच सेल लाइन, फक्त जिल्हा बदलतो आणि नवीन पेपर होतो.

खर्चाचं कारण मी ऐकलंय, तेही खोटं नाही. एसटीआर बाहेरून करून घ्यावं लागतं, रेणूची रचना काढायला एनएमआर, मास स्पेक्ट्रोमेट्री लागते, प्रत्येक कॉलेजला ते जमणार नाही, मान्य. पण पेशीविना अर्काची रांग फुकट आहे. लाल रक्तपेशींची टेस्ट जवळजवळ फुकट आहे. मायक्रोस्कोपचा फोटो फुकट आहे. एक निरोगी सेल लाइन दोन विभागांनी मिळून ठेवता येते. एकाच प्लेटवरच्या तीन वेलना तीन प्रयोग न म्हणता वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या, म्हणजे नव्याने वाढवलेल्या पिढीच्या, पेशींवर प्रयोग पुन्हा करायला वेळ लागतो, पैसा फारसा नाही. जिथे पुढचं मशीन नाहीये तिथे दुसऱ्या संस्थेशी हात मिळवा, अर्क त्यांना द्या, विद्यार्थ्याचं नाव पेपरवर ठेवा. आणि हे सगळं एका मुलाच्या तीन-चार वर्षांत बसत नसेल तर विषयच छोटा द्या, एक झाड, एक भाग, पण तळापर्यंत. पाच झाडं, चार सॉल्व्हंट, तीन सेल लाइन असा साठ आकड्यांचा तक्ता देऊन कुणाचंही भलं झालेलं मी बघितलं नाही.

पुढच्या सिनॉप्सिस मीटिंगला कुणी असा विषय घेऊन उभं राहिलं की फक्त तीन गोष्टी विचारा, पेशी नसलेल्या वेलचा कंट्रोल कुठे आहे, निरोगी पेशी कुठल्या घेणार, आणि काहीच सापडलं नाही तर तू काय लिहिणार. तिसरा प्रश्न विचारताना हेही तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगा की तसं झालं तरी मी सही करेन. प्लेटचा लेआउट, कंट्रोलच्या मात्रा, धुण्याच्या पायऱ्या हे सगळं मी एका पानावर टाइप करून ठेवलंय, ज्यांना हवंय त्यांनी मुलांना बिनधास्त आमच्याकडे पाठवा, कॅटॅलेज फ्रीजमध्ये आहे, अर्क घेऊन आलं की त्याच दिवशी पहिली प्लेट लावू.

आपली,
सेल कल्चर सांभाळणारी एक संशोधक